रिकाम्या खुर्चीचे गणित

जुलै २०२५ मधली गोष्ट. अकोल्यातील एका शाळेच्या विज्ञान मंडळात मला बोलावले होते. विषय होता ‘गतीचे नियम’. व्याख्यान संपल्यावर नववीतला एक मुलगा उठला आणि त्याने आपल्या खास वऱ्हाडीत विचारले, “सर, अमरावतीले इमान सुरू झालं, मंग अकोल्याले काहून नाही? आमचं इमानतळ त त्याच्याहून जुनं हाये!”

मागून कोणीतरी “पुढाऱ्यांमुळे!” असे म्हणाले आणि सगळा वर्ग हसला. शिक्षकही हसले. मी मात्र त्या मुलाला फळ्यापाशी बोलावले. त्याची माहिती बरोबर होती. अकोल्याजवळचे शिवणी विमानतळ इंग्रजांच्या काळात, १९४३ साली बांधले गेले. अमरावतीजवळचे बेलोरा विमानतळ त्याच्या कितीतरी नंतरचे. तरी मुंबईहून नियमित प्रवासी विमान १६ एप्रिल २०२५ रोजी बेलोऱ्याला उतरले, शिवणीला नाही. राजकारणाचा भाग ज्याने त्याने ठरवावा. पण त्याच्या खाली थोडे भौतिकशास्त्र आहे, थोडे वाण्याच्या वहीतले गणित आहे आणि शेवटी नीतीचाही एक प्रश्न आहे. तिन्ही क्रमाने पाहू या.

धावपट्टी आणि वऱ्हाडातला मे महिना

बेलोऱ्याला येऊ लागलेले विमान एटीआर-७२ जातीचे आहे. दोन पंखे, सुमारे सत्तर आसने. सामान, प्रवासी आणि इंधन भरून ते मुंबईला निघते तेव्हा त्याचे वजन साधारण २२ टन असते. एवढे वजन हवेत उचलायचे तर पंखांवरून हवा पुरेशा वेगाने वाहावी लागते. हा वेग सेकंदाला सुमारे ५८ मीटर, म्हणजे ताशी २१० किलोमीटरच्या आसपास धरू. धावताना विमानाचे त्वरण दर सेकंदाला २ मीटर प्रतिसेकंद धरले, तर नववीच्या पुस्तकातले सूत्र लावता येते: वेगाचा वर्ग = २ × त्वरण × अंतर. ५८ चा वर्ग ३३६४, भागिले ४, म्हणजे सुमारे ८४० मीटर.

मग १४०० मीटरची धावपट्टी पुरायला हवी, असे तुम्ही म्हणाल. शिवणीची धावपट्टी साधारण एवढीच आहे. पण थांबा. जमीन सोडण्याच्या ऐन क्षणी एक इंजिन बंद पडले तर? अशा वेळी उरलेल्या पट्टीवर विमान थांबवता आले पाहिजे, किंवा एकाच इंजिनावर सुखरूप वर नेता आले पाहिजे. ही सोय धरून समुद्रसपाटीला, १५ अंश तापमानात, पूर्ण वजनाच्या (२३ टन) एटीआर-७२ ला सुमारे १३०० मीटर लांबी लागते.

आता १५ अंशांचा तो थंड दिवस सोडून अकोल्याच्या मे महिन्यात या. पारा ४५ वर आहे. हवा तापली की विरळ होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. घनता केवल तापमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलते: १५ अंश म्हणजे २८८ केल्विन, ४५ अंश म्हणजे ३१८ केल्विन. २८८ भागिले ३१८ म्हणजे ०.९१. शिवाय आपण समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरहून जरा उंच आहोत, म्हणून दाब सुमारे चार टक्के कमी. दोन्ही मिळून हवेची घनता १३ टक्क्यांनी घटते.

विरळ हवेत पंखांना तेवढीच उचल मिळवायला वेगाचा वर्ग १५ टक्क्यांनी वाढवावा लागतो. इंजिनालाही विरळ हवाच मिळते, त्यामुळे त्याचा जोर आणि पर्यायाने विमानाचे त्वरण घटते. अंश वाढला आणि छेद कमी झाला! अंतर सुमारे ३० टक्क्यांनी वाढते. तेराशेचे सतराशे होतात. बेलोऱ्याची धावपट्टी वाढवून १८५० मीटर का केली, याचे उत्तर येथे आहे.

चौदाशे मीटरवरून उडता येणारच नाही, असे मात्र नाही. वजन कमी केले की उडता येते. आपल्या ढोबळ हिशेबाने भर उन्हात १४०० मीटरवरून साधारण २०.७ टनांपर्यंतचे विमान निघू शकेल. म्हणजे २२ टनांतून १३०० किलो उतरवायचे. सामानासकट एक प्रवासी १०० किलोंचा धरला, तर तेरा माणसे फलाटावरच राहिली म्हणा ना! प्रत्यक्ष वैमानिक हा हिशेब तक्त्यांवरून अधिक काटेकोरपणे करतो, आणि धावपट्टीच्या दोन्ही टोकांना व बाजूंना मोकळी जागा सोडण्याचेही नियम आहेत. पण मुद्दा कळला असेल. धावपट्टी आखूड असेल तर तिकीट विकण्याआधीच तेरा खुर्च्या रिकाम्या होतात.

संत्र्याहूनही नाशवंत

तेरा खुर्च्या रिकाम्या गेल्या तर एवढे काय बिघडले? येथे वाण्याची वही उघडावी लागते.

वरुड-मोर्शीचा बागाइतदार संत्री तोडल्यावर घाई करतो, कारण माल नाशवंत. तरी संत्री काही दिवस टिकतात. विमानाची खुर्ची मात्र दार बंद झाले की संपली. आजची रिकामी खुर्ची उद्याच्या फेरीत जास्तीची म्हणून विकता येत नाही.

आकडे घेऊन पाहू. मुंबई-अमरावती हवाई अंतर सुमारे ५४० किलोमीटर आहे. एका फेरीला साधारण ११०० किलो इंधन लागते असे धरू. म्हणजे जवळजवळ १३७५ लिटर. लिटरला ९० रुपये धरले तर सव्वा लाखाच्या आसपास रुपये नुसत्या इंधनाचे. त्यात वैमानिक, हवाई सेविका व तंत्रज्ञांचे पगार, विमानाचे भाडे, देखभाल, विमा, विमानतळांचे शुल्क मिळवा. एकूण खर्च, समजा, तीन लाख रुपये. (हा आकडा केवळ उदाहरणासाठी आहे, कोणत्याही कंपनीच्या हिशेबातला नाही.)

सत्तर प्रवासी असतील तर प्रत्येकी खर्च सुमारे ४३०० रुपये. पस्तीसच असतील तर ८६०० रुपये. आता गंमत पाहा. एक प्रवासी वाढला तर खर्च किती वाढतो? त्याचे वजन १०० किलो. २१-२२ टनांत ही भर अर्ध्या टक्क्याची. इंधनही फार तर तेवढेच वाढेल: साडेपाच किलो, म्हणजे सहासात लिटर. रुपये सुमारे सहाशे! सरासरी खर्च चार हजारांच्या वर आणि शेवटच्या प्रवाशाचा खर्च सहाशे. विमानव्यवसायातल्या बहुतेक युक्त्या या दोन आकड्यांमधल्या दरीतून जन्मल्या आहेत.

खुर्च्या भरण्याच्या युक्त्या

पहिली युक्ती योग्य विमान निवडण्याची. एकशे ऐंशी आसनांचे जेट विमान दोन हजार मीटरच्या आसपास धावपट्टी मागते आणि अमरावतीतून रोज तेवढे प्रवासी मिळवणे कठीण. पंख्याचे विमान सावकाश जाते, पण कमी इंधनात. कारण साधे आहे. पुढे जाण्यासाठी हवा मागे ढकलावी लागते. ढकलण्याचा जोर हवेचे वस्तुमान गुणिले वेग यावर अवलंबून असतो, आणि त्यासाठी खर्च होणारी ऊर्जा वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग यावर. दुप्पट हवा निम्म्या वेगाने ढकलली तर जोर तेवढाच राहतो आणि ऊर्जा निम्मीच लागते. मोठा पंखा हेच करतो: पुष्कळ हवा, हळूहळू. लहान अंतरावर जेटचा वेग फारसा वेळ वाचवीत नाही, म्हणून तेथे पंखा किफायतशीर ठरतो.

दुसरी युक्ती आपल्याच विदर्भात फार पूर्वी वापरली गेली. जानेवारी १९४९ मध्ये नागपूरहून रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री विमाने निघत, मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमाने आपापल्या गावी परतत. ही सेवा १९७३ पर्यंत चालली. चार शहरे एकमेकांना थेट जोडायची तर सहा मार्ग लागतात; मध्ये नागपूर धरले तर चारच. शहरे वीस झाली तर थेट मार्ग १९०, आणि केंद्रातून फक्त वीस. मार्ग कमी म्हणजे प्रत्येक विमानात गर्दी अधिक. पुढे जगभरातील मोठ्या कंपन्यांनी हीच रचना वापरली. तिची किंमत प्रवासी वेळेने चुकवतो, कारण त्याला मध्ये उतरून विमान बदलावे लागते.

तिसरी युक्ती विमान उभे न ठेवण्याची. भाडे आणि हप्ते घड्याळाप्रमाणे चालू असतात, जमिनीवरचे विमान मात्र काही कमवीत नाही. म्हणून अर्ध्या तासात प्रवासी उतरवायचे, नवे चढवायचे आणि पुन्हा निघायचे. २००३ साली कॅप्टन गोपीनाथ यांनी सुरू केलेल्या एअर डेक्कनने स्वस्त तिकिटांचा हा मार्ग भारतात आणला. फुकट जेवण नाही, बडेजाव नाही, विमान मात्र दिवसभर फिरते.

चौथी युक्ती तुम्हाला सर्वांत विचित्र वाटेल. एस.टी.च्या एकाच गाडीत शेजारी बसलेल्या दोघांचे अकोला-अमरावती भाडे सारखे असते. विमानात शेजारच्या दोन खुर्च्यांचे भाडे दुपटीने वेगळे असू शकते. महिनाभर आधी घेणाऱ्याला तिकीट स्वस्त. ऐन वेळी धावत येणाऱ्याला महाग. पहिल्याने खुर्ची भरल्याची खात्री दिली आणि दुसऱ्याची गरज मोठी आहे, असा त्यामागचा विचार.

पाचवी युक्ती आसनांपेक्षा जास्त तिकिटे विकण्याची. काही प्रवासी येत नाहीतच. समजा, शंभरातले पाच येत नाहीत. मग सत्तर खुर्च्यांसाठी बहात्तर तिकिटे विकली तर? संभाव्यतेच्या नियमाने हिशेब केला तर साधारण आठ फेऱ्यांत एकदा कोणाला तरी दारात थांबवावे लागेल. कंपनीच्या दृष्टीने आठांत एकदा म्हणजे थोडे. पण त्या एका दिवशी थांबवलेला प्रवासी मुलाखतीला निघाला असेल किंवा आजारी आईकडे. म्हणून आपल्याकडे नियम आहे: एका तासाच्या आत निघणारे दुसरे विमान देता आले नाही तर भाड्याच्या दुप्पट ते चौपट भरपाई, तिला अनुक्रमे दहा हजार आणि वीस हजार रुपयांची मर्यादा आहे.

तोटा कोण भरतो?

एवढ्या युक्त्या करूनही छोट्या शहराचे गणित जुळत नाही. आपलेच उदाहरण घ्या. ‘उडान’ या सरकारी योजनेत, सुरू झाली त्या वेळी, तासाभराच्या प्रवासाला निम्म्या आसनांचे भाडे सुमारे २५०० रुपयांवर रोखलेले होते. पस्तीस खुर्च्या २५०० ने आणि पस्तीस ४००० ने विकल्या, तर सव्वादोन लाखांच्या आसपास रक्कम जमते. खर्च तीन लाख. म्हणजे सर्व खुर्च्या भरूनही पाऊण लाखाची तूट!

ही तूट सरकार ठरावीक काळ, साधारण तीन वर्षे, भरून देते. पैसा येतो कोठून? एक भाग मुंबई-दिल्लीसारख्या मोठ्या मार्गांवरच्या विमानांकडून घेतलेल्या आकारातून. आणि एक भाग, सामान्यतः पाचवा हिस्सा, राज्य सरकारच्या तिजोरीतून. त्या तिजोरीत काडेपेटी विकत घेणाऱ्या प्रत्येकाचा पैसा असतो. मेळघाटातून एस.टी.ने अमरावतीला येणारा माणूसही, कदाचित जन्मात विमानात न बसता, आपल्या सत्तर प्रवाशांच्या तिकिटाला थोडा हातभार लावतो.

हे योग्य आहे का? दोन्ही बाजू मांडतो. रस्ता किंवा रेल्वेही आधी तोट्यात येते आणि मग तिच्याभोवती उद्योग उभे राहतात. मुंबईपर्यंत रात्रभराचा रेल्वेप्रवास दीड-पावणेदोन तासांवर आला, तर एखादा कारखानदार किंवा शल्यविशारद वऱ्हाडात यायला तयार होईल, ही अपेक्षा चुकीची नाही. पण तीन वर्षांनंतर काय, हा प्रश्न उरतो. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये या योजनेचा अहवाल दिला. त्यांनी तपासलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नव्हते. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनी तीन वर्षे पूर्ण केली आणि त्यांतले ५४ मार्च २०२३ पर्यंत टिकून होते. विदर्भातच गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरून मार्च २०२२ मध्ये सुरू झालेली सेवा काही महिन्यांत थांबली आणि डिसेंबर २०२३ मध्ये दुसऱ्या कंपनीने पुन्हा सुरू केली.

अकोल्याच्या बाबतीत आणखी एक खर्च आहे, तो तिकिटावर कधीच छापला जात नाही. धावपट्टी वाढवायची तर जमीन हवी. शिवणीच्या शेजारी आहे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची जमीन आणि काही खाजगी शेतजमीन. चारशे मीटर डांबर म्हणजे कोणाचे तरी शेत, किंवा बियाण्याच्या प्रयोगाचे क्षेत्र. शिवाय धूरही आहे. एक किलो विमान-इंधन जळले की सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. आपल्या ११०० किलोंचे साडेतीन टन! विमान भरलेले असेल तर माणशी ५० किलो, अर्धे रिकामे असेल तर १०० किलो. रिकामी खुर्ची कंपनीला महाग पडते, तशीच ती हवेलाही महाग पडते.

काटकसर कोठे थांबवायची?

आता नीतीचा प्रश्न. जेवण न देणे, आसने जवळजवळ बसवणे, सामानाचे वेगळे पैसे घेणे, यांत गैरसोय आहे; पण प्रवाशाला ती आधी कळते आणि तो नाही म्हणू शकतो. काही काटकसरी मात्र प्रवाशाला दिसतच नाहीत.

विमानाने किती इंधन घ्यावे, याचा नियम आहे. समजा, मुंबईहून आलेल्या विमानाला बेलोऱ्याला पावसामुळे उतरता आले नाही. तर नागपूरसारख्या दुसऱ्या विमानतळापर्यंत जाता यावे आणि तेथेही अर्धा तास घिरट्या घालता याव्यात, एवढा साठा हवा. बहुतेक दिवशी हे इंधन वापरलेच जात नाही. ते नुसते वाहून नेण्यासाठीही इंधन जळते. वहीत ते ‘वाया गेलेले’ दिसते.

वैमानिकाच्या झोपेचेही तसेच. दमलेला माणूस उशिरा प्रतिसाद देतो. उतरताना विमान सेकंदाला साठ मीटर जात असेल, तर एका सेकंदाचा उशीर म्हणजे साठ मीटर धावपट्टी. म्हणून २०२५ मध्ये नवे नियम लागू झाले: आठवड्याची सलग विश्रांती ३६ ऐवजी ४८ तास आणि रात्रीच्या वेळी उतरण्यांची मर्यादा सहाऐवजी दोन. त्यांचा शेवटचा टप्पा नोव्हेंबर २०२५ मध्ये आला आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात देशातील सर्वांत मोठ्या कंपनीच्या, इंडिगोच्या, हजारो फेऱ्या रद्द झाल्या. नव्या नियमांना पुरतील एवढ्या वैमानिकांचे नियोजन झाले नव्हते. उरलेल्या खुर्च्यांचे भाव इतके भडकले, की ६ डिसेंबर रोजी सरकारला भाड्यावर मर्यादा घालावी लागली: ५०० किलोमीटरपर्यंत ७५०० रुपये, १००० पर्यंत १२००० रुपये. शेवटच्या क्षणी महाग विकण्याची चौथी युक्ती संकटात कशी वागते, ते सर्वांनी पाहिले. आणि गोंधळ आवरण्यासाठी त्या कंपनीला विश्रांतीच्या काही नियमांतून तात्पुरती सूटही द्यावी लागली. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत अस्वस्थ करते. सुरक्षेचा नियम आणि वेळापत्रक यांची टक्कर झाली, तेव्हा काही काळ नियमाला मागे सरावे लागले.

राखीव इंधन, वैमानिकाची झोप, धावपट्टीची जास्तीची लांबी आणि तंत्रज्ञाची तपासणी, या चारही गोष्टी रोजच्या हिशेबात रिकाम्या खुर्चीसारख्या दिसतात. पैसा जातो, परतावा दिसत नाही. पण रिकामी खुर्ची भरली तर सर्वांचा फायदा असतो. ही राखीव जागा ‘भरली’ तर एखाद्या दिवशी तिचीच गरज पडते. कोणती रिकामी जागा भरायची आणि कोणती जाणूनबुजून रिकामी ठेवायची, हे ज्याला कळते त्याच्या विमानात बसावे.

त्या नववीतल्या मुलाला मी हे एवढे सगळे सांगू शकलो नाही. तास संपला होता. फळ्यावर धावपट्टीचे गणित मात्र त्याने स्वतः केले. तेरा खुर्च्या रिकाम्या निघाल्यावर तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “मंग सर, सकाळी सहाले उडवलं त?”

प्रश्न अचूक होता. मे महिन्यात पहाटे तापमान ३० अंशांच्या आसपास असते. वरचे सूत्र घेऊन तुम्हीच पाहा: ३० अंशांना हवेची घनता किती भरते, १४०० मीटरवरून किती टन उचलता येतील आणि तेरांपैकी किती खुर्च्या परत मिळतील? उत्तर काढल्यावर दुसऱ्या प्रश्नाचा विचार करा: पहाटे सहाच्या विमानासाठी अकोल्यातले किती लोक चारला उठतील? पहिला प्रश्न भौतिकशास्त्राचा आहे, दुसरा व्यवसायाचा. विमान सुरू करायचे तर दोन्हींची उत्तरे लागतात.